पोट कापून घेऊ की अजून एक डाएट करू?

‘ताई, मी ४१ वर्षांची. देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०४ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह; गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.६ टक्के. गुडघ्यांसाठी पेनकिलर घेते. छातीत जळजळ रोजची. नवरा म्हणतो, घोरता घोरता माझा श्वास मध्येच अडकतो. डाएट म्हणाल तर दोन वेळा जेवायचं, कीटो, शेकची पावडर, सगळं झालं. एकदा १४ किलो उतरले आणि पुढच्या वर्षभरात १७ चढले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बेरिआट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करायची, शस्त्रक्रिया सुचवली आहे. डोंबिवलीचा भाऊ म्हणतो कर, पैसे मी घालतो. जाऊ म्हणते, तिच्या मैत्रिणीचं नवीन डाएट एकदा करून बघ. भाचा वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचं सांगतो. सासूबाई म्हणतात, “कमी खा मगे गो! पोट कापूक कशाक व्हया?” आणि खरं सांगू? मलाही तेच वाटतं. दिवसभर मी नीट खाते, पण रात्री सगळे झोपले की डबे उघडते. हे कोणालाच माहीत नाही. ज्या बाईला फरसाणाचा डबा बंद ठेवता येत नाही, तिनं भावाचे पैसे कशाला घालवावेत? केलीच शस्त्रक्रिया, तर मे महिन्याच्या सुट्टीत उरकावी आणि गावात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगावं, असं मनात आहे. मेडिक्लेम आहे, पण एजंट म्हणतो वजनाचं काही मिळत नाही. काय करू?’

वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. नवीन डाएट नको. शस्त्रक्रियेच्या तयारीला लाग. मात्र ती मे महिन्यात नको, आणि पित्ताशयाचं खोटं तर अजिबात नको. मी डॉक्टर नाही. कुठली शस्त्रक्रिया आणि ती झेपेल का, हे ते तपासून ठरवतील. पण तू जे विचारलं आहेस त्यातलं निम्मं डॉक्टरकडचं नाहीच.

वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो बीएमआय. तुझा ४२ च्या जवळ जातो. या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये मर्यादा ठरवली ती ३५ ची, आणि तीही दुसरा कुठला आजार नसताना. आपल्याकडच्या माणसांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली आहे. त्यात तुला मधुमेह आहे आणि रात्री श्वास अडकतो. तेव्हा डॉक्टरांनी उगाच घाई केली, असं मला तरी वाटत नाही.

आता ते १४ आणि १७ किलो. तुला वाटतं हा तुझ्या मनाच्या दुबळेपणाचा हिशेब आहे. तसं नाही. वजन उतरलं की भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, ‘आता पुरे’ सांगणारं लेप्टिन घटतं आणि शरीर तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा खर्चू लागतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं, की डाएट करून बारीक झालेल्यांची ही हार्मोन्स वर्ष उलटलं तरी जागेवर आली नव्हती. म्हणजे तुझं वजन चढत होतं तेव्हा तुला खरोखरच आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. दोन वेळा जेवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात घरोघर झाला, काहींना तो मानवलाही. पण तू सकाळी घाईत दोन घास खाऊन शाळेत जायचीस, दुपारी मुलांच्या ताटात पोषण आहाराची खिचडी पडताना बघायचीस आणि संध्याकाळी घरी येऊन बाकीच्यांचं करायचीस. रात्री अकराला डबा उघडला यात मला नवल वाटत नाही.

त्या डब्याबद्दल थोडं जास्त बोलू, कारण सगळ्या पत्रात तेवढी एकच गोष्ट तू अजून कोणाला सांगितलेली नाहीस. रात्रीचं चोरून खाणं हे हावरटपणाचं लक्षण असेलच असं नाही. दिवसभर दाबलेली भूक असू शकते. किंवा दिवसातला तेवढाच अर्धा तास तुझा एकटीचा असेल, आणि त्यात दुसरं काही करायला सुचत नसेल. ताबा सुटून खाण्याचा एक आजारही असतो, त्यावर उपचार आहेत. यातलं तुझं कुठलं, हे पत्रावरून मला सांगता यायचं नाही. पण शस्त्रक्रियेनं हे आपोआप थांबत नाही, हे नक्की. लहान झालेल्या जठरात एका बैठकीला डबा मावणार नाही. पण रात्रभर चिमूट चिमूट केलं तर मावतो, आणि वजन परत येण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. चांगल्या ठिकाणी शस्त्रक्रियेआधी समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट असते. तिथे बायका ‘तसं काही नाही हो’ म्हणून हसून उठतात, कारण वाटतं, खरं बोललो तर नापास करतील. तू सांग. त्याचे उपचार आधी सुरू होतील, तारीख फार तर पुढे जाईल.

सासूबाईंच्या ‘कमी खा मगे’ला खरं उत्तर शस्त्रक्रियेतच आहे. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून जागेबरोबर भूकही कमी होते. निदान पहिली एक-दोन वर्षं तरी ‘कमी खा’ हे जमण्यासारखं होतं. कापलेला भाग मात्र परत बसत नाही, हे लक्षात ठेवूनच सही कर. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराच्या वरच्या बाजूला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात.

तुझ्या बाबतीत इथे पेच आहे, आणि डॉक्टरांना तेच विचारून घे. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासनं ती बहुधा कमी होते, आणि मधुमेहालाही बायपासचा फायदा जास्त दिसतो. पण बायपासनंतर तुझ्या गुडघ्यांच्या पेनकिलर, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, जोडाच्या जागी अल्सर करू शकतात. त्या जवळजवळ कायमच्या बंद कराव्या लागतात. तेव्हा दुर्बिणीतून जठराची तपासणी झाल्याशिवाय ‘सगळे स्लीव्हच करतात’ एवढ्यावर हो म्हणू नकोस.

वजन किती उतरेल? साधारण वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के. म्हणजे तू ७३ ते ७८ किलोंच्या आसपास येशील, लग्नातल्या फोटोसारखी होणार नाहीस. पुढे त्यातलं थोडं परतही येतं. साखर बऱ्याच जणांची गोळ्यांशिवाय ताब्यात येते, काहींची काही वर्षांनी पुन्हा वर जाते. अनुभवी हातांत जिवाचा धोका हजारी एक-दोनच्या घरात, पण शिवणीतून गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी हे प्रकार घडतात. तीन-चार महिन्यांनी केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि ठरावीक काळानं रक्त तपासणं, हे जन्मभराचं. दुसऱ्या पारड्यात स्वीडनमधल्या लठ्ठ लोकांचं १९८७ मध्ये सुरू झालेलं निरीक्षण ठेव. तिथे शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन वर्षानुवर्षं कमी राहिलं आणि त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

इंजेक्शनचं भाचा चुकीचं सांगत नाही. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली आणि त्यांनी वजन चांगलं उतरतं. बंद केलं की बरंचसं परत येतं, आणि दर महिन्याचा खर्च आहेच. तुझ्या वजनाला शस्त्रक्रियेचा परिणाम जास्त आणि जास्त टिकणारा, म्हणून माझा कल तिकडे. तब्येतीमुळे शस्त्रक्रिया जमणार नाही असं ठरलं, तर जावेच्या मैत्रिणीच्या डाएटआधी डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल विचारून बघ.

खाण्यात मात्र कोकणात राहण्याचा फायदा आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, आणि नेहमीसारखं घट्ट जेवण साधारण दीड-दोन महिन्यांनी. सासूबाई मायेनं पेज करून घालतील. पेज पोटाला बरी, पण तिच्यात प्रथिनं नावालाच, आणि तुला रोज ६० ग्रॅमच्या वर लागणार. सुरुवातीला डॉक्टर देतील ती पावडर, ताक, कुळथाचं कढण. पुढे अंडं आणि मासळी. शंभर ग्रॅम बांगड्यात १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात. ताटात आधी मासा, मग भाजी, भात शेवटी आणि जागा उरली तर. काट्याची मासळी घाईत गिळू नकोस, घास अगदी बारीक होईपर्यंत चावावा लागतो. जेवताना पाणी नाही, सोलकढीसुद्धा नाही. अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. आणि आमरस. देवगडच्या बाईला हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण वाटीभर रस नव्या जठरातून सरकून जातो, पोट भरत नाही आणि साखर सगळी अंगी लागते. बायपासनंतर तर अशा गोडानं घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. हापूसची फोड चावून खा.

आता पित्ताशय. गंमत अशी, की वजन झपाट्यानं उतरलं की पित्तात खडे होतात. उद्या खरंच पित्ताशय काढायची वेळ आली, तर गावाला काय सांगशील? पण ही थट्टा झाली. रात्री दोन वाजता उलट्या थांबेनात, तर तू कोल्हापूरला पोचणार नाहीस. गावातल्या डॉक्टरांकडेच जाशील आणि ते तुझ्या पोटात काय झालं आहे हे माहीत नसताना पेनकिलरचं इंजेक्शन देतील. उलट्या काही दिवस चालल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, संपतं; ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्याही शस्त्रक्रियेनंतर बहुधा लगेच कमी कराव्या लागतात, जुन्याच चालू राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून नवरा, सासूबाई आणि गावचे डॉक्टर या तिघांना खरं माहीत हवं. स्टाफरूमला नको असेल तर नको. रजेच्या अर्जात ‘वैद्यकीय कारण’ पुरतं, आणि शेजारणीला तेवढंही सांगायला तू बांधील नाहीस.

एजंटचं ऐकून गप्प बसू नकोस. विमा नियामकानं वजनाच्या उपचारांबद्दल जे ठरावीक कलम घालून दिलं आहे, त्यातच अपवाद आहे: वय अठरा किंवा त्याहून जास्त, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवलेली. तो ३५ ते ४० च्या मधे असेल तर साधे उपाय फसलेले असावे लागतात आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा लागतो. तू ४० च्या पुढे आहेस. पॉलिसीत हे कलम आणि प्रतीक्षाकाळ स्वतः वाच, आहारतज्ज्ञांची जुनी कागदपत्रं शोधून काढ आणि कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घे. मग भावाशी बोल. त्याचे पैसे लागलेच, तर ते फरसाणाच्या डब्यासाठी नाहीत. सहा वर्षांच्या मधुमेहासाठी आहेत.

मे का नको? शिमगा नुकताच झाला. तुमच्याकडे आंबा उतरायला लागला असेल, नवऱ्याला मान वर करायला फुरसत नसेल. मेमध्ये घर मुंबईकरांनी भरलेलं, आणि तू दोन आठवडे पातळावर. त्यामागे पाऊस. फेरतपासणीला कोल्हापूर गाठायचं तर घाट, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरड कधी येईल याचा नेम नाही. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढ. मधले महिने वाया जात नाहीत: समुपदेशन, दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, साखर आणखी खाली आणणं. शस्त्रक्रियेआधीचे शेवटचे दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून डॉक्टर डाएट करायला लावतील ते वेगळं. तेवढं एक मात्र कर. आहारतज्ज्ञांच्या भेटीला सासूबाईंना सोबत ने. स्वयंपाकघर त्यांचं आहे. किती कमी आणि काय आधी, हे त्यांनी परक्या तोंडून ऐकलेलं बरं.

एकच गोष्ट दिवाळीपर्यंत थांबवायची नाही: झोपेची तपासणी. श्वास अडकतो हे नवऱ्यानं पाहिलं आहे, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना त्यालाही घेऊन जा, तू झोपेत असतेस, तुला ते सांगता येणार नाही. गरज निघाली तर रात्री नाकातोंडावर लावायचं, हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन देतील. ते शस्त्रक्रियेआधी वापरात हवं, कारण भूल देताना झोपेत श्वास अडकण्याच्या या आजाराची माहिती असणं फार गरजेचं असतं. आंब्याचा हंगाम असला तरी एक दिवस काढायला सांग त्याला.