गाडीच ब्रेक मारते, मग काळजी कसली?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी लिहिलंय. पत्र थोडं कापून देतेय.

“बाबा 77 वर्षांचे, आई 72. बाबा 1974 पासून इथे आहेत. स्नो असो की टर्नपाइकचा हायवे, गाडी कायम त्यांच्याच हातात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून रात्रीचं ड्रायव्हिंग सोडलं, पावसात हायवेला जाणंही बंद केलं. मग दादाने त्यांना नवी एसयूव्ही घेऊन दिली, सगळ्या सेफ्टी फीचर्ससकट. आता मंडळाचा कार्यक्रम रात्री अकराला संपला तरी स्वतः चालवत घरी येतात. काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘अगं, गाडीच ब्रेक मारते.’ दादा म्हणतो, ती गाडी तुझ्यापेक्षा हुशार आहे. आईकडे लायसन्स आहे, पण तिने गाडी केव्हाच सोडली. मी उगाच काळजी करतेय का?”

ताई, उगाच नाही. पण दादाचंही निम्मं खरं आहे, ते आधी मान्य करून टाका म्हणजे बोलणं सोपं जाईल. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था अपघातांचा हिशेब ठेवते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात निम्म्यावर येतात, असं त्यांचे आकडे सांगतात. कॅमेरा आणि सेन्सरच्या जोडीला रिव्हर्समध्येही ब्रेक आपोआप लागत असेल, तर मागे घेतानाचे अपघात 78 टक्क्यांनी घटतात. सत्तरीनंतर मान पूर्वीसारखी वळत नाही, तिथे कॅमेरा आणि बाजूने गाडी येतेय हे सांगणारा आरशातला तो पिवळा दिवा खरोखर उपयोगी पडतो. तेव्हा ‘गाडी परत करा’ वगैरे अजिबात म्हणू नका.

आता उरलेलं निम्मं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणजे बाबांना मदत हवी ती अंधारात. आणि नेमक्या तिथेच गाडी कमी पडते. पायी चालणारा समोर आला तर ब्रेक लावणारी यंत्रणा दिव्यांच्या रस्त्यावर आणि उजेडात उपयोगी ठरते, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर तिने फरक पडल्याचं आयआयएचएसला 2022 च्या अभ्यासात दिसलं नाही. लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेला रस्त्यावरच्या रेषा दिसाव्या लागतात, आणि जानेवारीत जर्सीच्या रस्त्यांवर मीठ आणि चिखलाखाली त्या बाबांनाही दिसत नाहीत, गाडीलाही नाहीत. बंपरवरच्या सेन्सरवर बर्फ साचला की स्क्रीनवर एक ओळ येते आणि गाडी चक्क हात वर करते.

म्हणून गाडीत काय काय आहे याची यादी करत बसू नका. बाबांनी सोडलेलं काय काय परत सुरू केलं, ते बघा. रात्रीचं ड्रायव्हिंग त्यांनी कुणी न सांगता सोडलं होतं. स्वतःचे डोळे ओळखून घेतलेला तो निर्णय होता, आणि माझ्या मते गाडीतल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा तो शहाणा होता. नव्या गाडीने तो मोडला. दुकान, डॉक्टर, ब्रिजवॉटरचं देऊळ, हे दिवसाउजेडीचं जाणं-येणं गाडीमुळे जास्त सुरक्षित झालं असेल तर उत्तमच. त्याहून जास्त तिच्याकडून मागू नका.

एका दुपारी त्यांच्या शेजारी बसून फिरून या. टोकू नका, फक्त बघा. ‘टुंग’ वाजलं की ते कशासाठी वाजलं हे त्यांना कळतं, की ते स्क्रीनकडे बघत राहतात? ट्रिपल-ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनने युटा विद्यापीठाकडून करून घेतलेल्या अभ्यासात, नॅव्हिगेशन लावणं किंवा रेडिओ बदलणं अशा साध्या कामात 55 ते 75 वयाच्या चालकांची नजर आणि लक्ष तरुणांपेक्षा आठ सेकंदांहून जास्त काळ रस्त्यावरून हटलेलं दिसलं. ताशी 40 मैलांना आठ सेकंदांत गाडी जवळजवळ 470 फूट पुढे जाते. तेव्हा पत्ता ड्राइव्हवेमध्येच टाकायचा, नेहमीची सात-आठ ठिकाणं तुम्हीच साठवून द्यायची. बोलून पत्ता सांगायची सोय आहे खरी, पण आपल्या वडीलधाऱ्यांच्या इंग्रजीपुढे गाडीतली ती बाई तीनदा ‘सॉरी’ म्हणते आणि मग बाबा रस्ता सोडून तिच्याशी भांडतात.

पुढच्या गाडीशी अंतर ठेवून चालणारा क्रूझ कंट्रोल गावातल्या रस्त्यांवर नको. एक्झिट घेताना तर आधी बंद करायचा. 65 ला लावलेला असतो, पुढची गाडी सरळ निघून जाते, रॅम्पच्या वळणावर समोर मोकळा रस्ता दिसतो आणि गाडी पुन्हा वेग घ्यायला लागते. दचकलेला पाय नको त्या पॅडलवर पडायला एवढं पुरतं. टोकियोत इकेबुकुरोला एप्रिल 2019 मध्ये 87 वर्षांच्या गृहस्थांनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि एक आई आणि तिची छोटी मुलगी गेली. जपानने सप्टेंबर 2028 पासून नव्या गाड्यांत ही चूक रोखणारी यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलंय. गाडी इलेक्ट्रिक असेल आणि पाय उचलला की आपोआप थांबत असेल, तर ती सेटिंग कमीत कमी ठेवा. पन्नास वर्षं ब्रेक शोधणाऱ्या पायाला आता नवीन काही शिकवू नये.

इशाऱ्यांच्या कटकटीला कंटाळून बाबांनी ते सगळेच बंद केले असतील, हेही तपासा. बऱ्याच गाड्यांत आवाज कमी-जास्त करता येतो, आणि पुढच्या धडकेचा इशारा लवकर द्यावा की उशिरा, तेही ठरवता येतं. तो ‘लवकर’वर ठेवा. मॅन्युअल कुणी वाचत नाही. मराठीत एक पान लिहा, मोठ्या अक्षरात: कुठला दिवा, त्याचा अर्थ काय, काय करायचं.

आणि हे आजच करा. किल्लीऐवजी बटण असलेली गाडी गॅरेजमध्ये चालूच राहून, घरात कार्बन मोनॉक्साइड शिरून अमेरिकेत माणसं गेली आहेत, त्यात म्हातारी माणसं बरीच. हायब्रिड तर इतकी गप्प असते की चालू आहे हे कळतच नाही. गॅरेजलगतच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांबाहेर या वायूचा अलार्म लावून घ्या.

आता आई. तुमच्या पत्रात त्यांना एकच वाक्य मिळालंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आपल्याकडच्या त्या पिढीत चालवणारे हे, शेजारी बसणाऱ्या या. उद्या यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दोघंही घरात अडकतात. हे नवं तंत्र खरं कामाचं आहे ते आईंसाठी. पार्किंगची आणि रिव्हर्सची भीती कॅमेऱ्याने पुष्कळ कमी होते. ड्रायव्हिंग स्कूलचे थोडे तास घ्या (शिकवायला बाबा नकोत!), मग दिवसा, ओळखीचे रस्ते. शिवाय जर्सीत पुष्कळ ठिकाणी डावीकडे वळायला उजवीकडून जगहँडल, म्हणजे वळून आडव्या रस्त्याला नेणारा रॅम्प, घ्यावा लागतो. वयस्क चालकांचे अपघात डावीकडे वळतानाच जास्त होतात, त्यामुळे तेवढी चिंता इथे कमी. बसणं मात्र नीट हवं: स्टिअरिंग आणि छाती यांच्यात निदान दहा इंच. आपल्या ठेंगण्या आया स्टिअरिंगला चिकटून बसतात आणि एअरबॅग उघडली तर तीच लागते. कारफिट नावाच्या उपक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक आसन, आरसे, अंतर सगळं बघून देतात. दोघांनाही घेऊन जा.

राहिलं बाबांशी बोलणं. ते तुम्ही करू नका. गाडी दादाने दिली, तेव्हा ‘रात्रीची नको’ हेही दादानेच सांगायचं, आणि सांगताना सोय हातात घेऊन जायचं: मंडळाच्या कार्यक्रमाला कुणाबरोबर जायचं, परत कोण सोडणार. (मंडळांनाही एक विनंती. सातचा कार्यक्रम साडेआठला सुरू करायची आपली सवय सत्तरीच्या सभासदांना अकरा वाजता हायवेवर नेऊन सोडते. दुपारी चारला ठेवा की!) एवढं करूनही बंपरवर नवे ओरखडे दिसले, ओळखीच्या रस्त्यावर बाबा चुकायला लागले, तर वाद घालू नका. त्यांच्या डॉक्टरांना सांगून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं नीट जमतात का ते पाहणारे तज्ज्ञ) ड्रायव्हिंगची तपासणी करून घ्या. मुलीचं न ऐकणारे बाबा डॉक्टरांच्या कागदाचं ऐकतात, आणि दादाही ऐकेल.