नाइट ड्यूटीनंतरचा थकवा जातच नाही. हा बर्नआउट आहे का?

दोन सुट्ट्या नीट झोपून काढल्यावर बरं वाटलं, तर तो साधा थकवा. झोपूनही वॉर्डात पाऊल टाकवत नसेल, पेशंट म्हणजे नुसता 'बेड नंबर ७' झाला असेल आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटत असेल, तर बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात याच तीन खुणा दिल्यात. तिथे त्याला आजार मानलेलं नाही, कामातून आलेली अवस्था म्हटलंय. म्हणजे दोष तुमचा नाही, रोस्टरचा.

नाइटला २० मिनिटांचीच डुलकी घ्या. ४०-५० मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठताना डोकं जड राहतं, आणि तेव्हा डोस चुकू शकतो. शेवटचा चहा ड्यूटी संपायच्या ५-६ तास आधी. सलग नाइट किती लागल्या, ते तारखांसकट लेखी कळवा. तोंडी तक्रार हवेत विरते.

मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका: टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, मोफत, २४ तास.