नदी वैशाखात बघ

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, मी पहाटे पाचला वाचला. "आबा, एका बोटीचा अहवाल लिहून दिला होता. आता साहेब म्हणतात पाच बोटींचा कर, पाण्याचे आकडे तेच ठेव. काय करू?" आणि खाली ते हात जोडलेलं चित्र. मोबाईलवर माझं बोट नीट चालत नाही आणि चार ओळींत उरकण्यातलं हे काम नाही. म्हणून पत्र लिहितोय. पोस्टानं येईल, उशिरा मिळेल. मिळेपर्यंत सही करू नकोस.

तुझा नर्मदेवरच्या पर्यटन बोटीचा अहवाल दोनदा वाचला. तुझ्या भावानं प्रिंट आणून दिली. नकाशे देखणे आहेत, खर्चाचे तक्ते इतके नेटके की आमच्या पाटबंधारे खात्यात कुणाला जमले नसते. मग पाणपातळीचा तक्ता ऑक्टोबर ते जानेवारीचाच का? फेब्रुवारी ते जून कुठे गेले? अगं, तू शहाद्याची. प्रकाशाच्या पुलावरून एसटीनं शंभरदा गेली असशील. बॅरेजच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात तापी कशी दिसते हे तुला पुण्यात बसून आठवत नसेल, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं काय सांगायचं?

तरी सांगतो. नदीवर काहीही करायचं असेल तर नदी वैशाखात बघायची. श्रावणात सगळ्याच नद्या श्रीमंत असतात.

अहवालाच्या पहिल्याच पानावर तू युरोपातल्या राईन आणि डॅन्यूब नद्यांचे फोटो लावलेत. साहेबांनीच लावायला सांगितले असतील. हरकत नाही, तिकडचंच आधी बघू. राईन-मेन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये खुला झाला, १७१ किलोमीटरचा. त्यातलं लॉक, म्हणजे जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवायची-उतरवायची पाण्याची कोठी, बारा मीटर रुंद. म्हणून तिथली क्रूझ जहाजं साडेअकरा मीटरच्या आत आणि लांबी १३५ मीटर. त्याहून मोठं जहाज करताच येत नाही. समुद्रातल्या कंपनीचा धंदा वाढला की ती मोठं जहाज बांधते. नदीतल्या कंपनीचा वाढला की ती जहाजांची संख्या वाढवते, तिला दुसरा रस्ताच नाही. २०१३ च्या मार्चमध्ये एका कंपनीनं आम्सटरडॅममध्ये एकाच दिवशी दहा नव्या जहाजांचं नामकरण केलं. दहा! नदी मात्र तेवढीच, धक्केही जवळजवळ तेवढेच. मग जहाजं एकाला एक चिकटवून बांधतात, दोन-दोन, तीन-तीन. लाखो रुपये भरलेला माणूस सकाळी पडदा सारतो तर समोर दुसऱ्या जहाजातला माणूस दात घासतोय. गावात उतरायचं तर शेजारच्या जहाजाच्या लॉबीतून जायचं. आणि ज्या गावात उतरायचं तिथले लोक वैतागलेले, कारण हजार माणसं एकदम उतरतात आणि जेवायला मात्र परत जहाजावर जातात. आम्सटरडॅमनं २०२४ मध्ये ठरवलं की अशा जहाजांच्या फेऱ्या २०२८ पर्यंत निम्म्यावर आणायच्या. हे तुझ्या पहिल्या पानावर नाही.

त्यांचाही वैशाख येतो बरं का. राईनवर काऊब नावाचं गाव आहे, तिथल्या मोजपट्टीकडे सगळ्या नदीचं लक्ष असतं. २०१८ च्या ऑक्टोबरात ती पट्टी २५ सेंटिमीटर दाखवत होती. (थांब, इथे नवशिके चुकतात. पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. काऊबला पट्टीवरच्या आकड्यात एक मीटरहून थोडं जास्त मिळवलं की जहाजाच्या वाटेतली खोली निघते. तुझ्या तक्त्यातही पातळी आणि खोली एकाच रकान्यात कोंबली आहे, ती आधी वेगळी कर.) असं पाणी उतरलं की प्रवाशांना बसमध्ये घालून नेतात, अडलेल्या जागेपलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवतात. ज्यांच्याकडे दहा जहाजं आहेत त्यांना हे जमतं. २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं.

आणि गर्दीचं काय होतं तेही लिही. २०१९ च्या मे महिन्यात, रात्रीच्या पावसात, बुडापेस्टच्या पुलाखाली १३५ मीटरच्या क्रूझ जहाजाची धडक एका छोट्या सहलीच्या बोटीला बसली. बोटीवर ३५ माणसं होती, ७ वाचली. मोठ्या जहाजाला थांबायला जागा लागते आणि लहान बोटीला पळायला. एका नदीत दोघांनाही पुरेल एवढी जागा आहे का, हे कागदावर आधी कुणीतरी मांडायला हवं. ते कुणीतरी म्हणजे या वेळी तू आहेस.

आता आपल्याकडचं. गंगा विलास हे क्रूझ जहाज १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघालं. आखलेला प्रवास ५१ दिवसांचा, ३२०० किलोमीटर, २७ नद्या, ३६ प्रवाशांची सोय. कौतुक मलाही आहे, मी ते टीव्हीवर डोळे फाडून बघितलं. पण निघालं कधी? जानेवारीत. पोचलं फेब्रुवारीच्या शेवटी. गंगेसारखी गंगा, हिमालयाचं पाणी, मधली वाट राखायला गाळ उपसणारी यंत्रं, खुणेचे तरंगते पिंप, एवढं असून मुहूर्त हिवाळ्यातला धरला. त्यात त्यांची चूक नाही, उलट शहाणपण आहे. चूक पुढे होते. एक जहाज चांगलं चाललं की सगळ्यांना ताफा हवा होतो. २०२४ च्या जानेवारीत कोलकात्याच्या बैठकीत नदी क्रूझसाठी २०४७ पर्यंत ४५,००० कोटींच्या गुंतवणुकीचा आकडा जाहीर झाला. असला आकडा ऐकला की तुझ्या साहेबांसारखे लोक रात्री झोपत नाहीत.

आपली तापीसुद्धा कागदावर राष्ट्रीय जलमार्ग आहे हे ठाऊक आहे का तुला? २०१६ च्या कायद्यात १११ जलमार्ग आहेत, त्यात तापी शंभराव्या क्रमांकावर. हतनूरपासून समुद्रापर्यंत ४३६ किलोमीटर. मी हे वाचलं तेव्हा चहा ताटलीत सांडला. हतनूरचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा भुसावळपर्यंत धडकी भरते, खरं आहे. पण गाळानं भरत आलेल्या त्या धरणाच्या पाण्यावर दीपनगरचं वीज केंद्र आहे, गावांची तहान आहे. दरवाजे बंद झाले की खाली डोह-डोह उरतात. मधे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई. एकालाही लॉक नाही. जहाज काय क्रेननं उचलून नेणार? जाऊ दे, तुझा प्रकल्प तापीवरचा नाही.

तुझा प्रकल्प नर्मदेच्या फुगवट्यावर, म्हणजे सरदार सरोवर धरणानं मागे अडलेल्या पाण्यावर, अक्कलकुवा-धडगावच्या अंगाला. तिथे पाणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि कालव्यांसाठी पाणी घ्यायची किमान पातळी ११०.६४. वजाबाकी कर. अठ्ठावीस मीटर. नऊ मजली इमारत उभी राहील एवढा चढ-उतार. दर वर्षी पाणी तळाला जात नाही हे मलाही कळतं, पण धक्का बांधायचा तो सगळ्यात वाईट वर्षासाठी. तुझ्या अहवालात जेटी एकच, काँक्रीटची, ऑक्टोबरच्या काठावर. मेमध्ये ती डोंगराच्या कुशीत लटकलेली दिसेल आणि खाली चिखलाचा उतार. त्या उतारावरून पुण्या-मुंबईच्या साठीतल्या बाया कशा उतरणार? तरंगती जेटी म्हणशील. ठीक, पण तिच्यापर्यंतचा रस्ता कोण तरंगवणार?

आणि तो चिखल रिकामा नसतो. पाणी उतरलं की लोक तिथे गाळपेर करतात, उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं त्या पाण्याखाली गेली किंवा पाण्यानं तुटली. उरलेल्यांना बाजार, रेशन, दवाखाना सगळं नावेनं. तिथे दवाखानासुद्धा बोटीतून येतो. २०१९ च्या संक्रांतीला भुषा गावाजवळ नर्मदेवर निघालेली नाव उलटली, सणाच्या दिवशी माणसं गेली. त्याच पाण्यात तू पाच मोठ्या बोटी सोडणार. त्यांच्या लाटेनं गावकऱ्यांची डुंगी, ती लहानशी होडी, किती हलते, हे कुणी बघितलंय? अहवालात 'स्थानिकांना रोजगार' असं एक वाक्य आहे. एकच.

एका बोटीला माझा विरोध नव्हता, हे तुला आठवत असेल. एक बोट चार महिने चालवायची, पाणी ओसरलं की काठावर ओढून ताडपत्री घालायची, पोरं घरी शेतीला. पाच बोटींना बँकेचा हप्ता असतो आणि हप्ता बारमाही असतो. मग ताडपत्री परवडत नाही. मग वाट उपसा, पातळी धरून ठेवा, गाळपेरवाल्यांना हटवा, मासेमारीची जाळी या पट्ट्यात नको, अशी पत्रं जायला लागतात. सांडपाणी, डिझेल, हेही पाचपट, पण ते तू लिहिलं आहेस, नीट लिहिलं आहेस. हप्त्याचं लिहिलेलं नाही. म्हणून म्हणतो, वैशाखात बघ. वैशाखात हप्ता कुठून फेडणार तेवढं सांग, मी गप्प बसतो.

तुला वाटेल आबा पुन्हा सुरू झाले. हो, झालो. कारण मी सही केलेली आहे.

तेव्हा मी शाखा अभियंता होतो. आपल्याच भागातलं एक मध्यम धरण. नाव सांगत नाही, तुझे वडील ओळखतील. तिथे नौकाविहार केंद्र काढायचं ठरलं. आधी दोन बोटी, मग वरून कुणाला तरी उमाळा आला आणि आठ झाल्या. पाण्याची नोंदवही माझ्याकडे होती. मार्चनंतर काठ तीनशे-साडेतीनशे मीटर आत सरकतो हे मला माहीत होतं, पाय चिखलात घालून मोजलं होतं मी. वरिष्ठ म्हणाले, "वर्षाची सरासरी लिहा ना, कशाला महिना-महिना?" मी सरासरी लिहिली. सरासरी बरोबर होती! एक आकडा खोटा नव्हता. आजही कुणी चौकशी लावली तर मी सुटेन.

दोन हंगाम बोटी चालल्या. तिसऱ्या वर्षी पाऊस ओढला आणि आठही बोटी वाळलेल्या गाळात कलंडल्या. पुढे पोरं त्यांच्या सावलीत पत्ते खेळायची. ते सोड, सरकारी पैसा सरकारी मातीत गेला. पण तिथे एक भोई होता. मोजणीला मला त्याच्याच होडीतून न्यायचा, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा, अर्धी मला द्यायचा. बोटीवर चालक म्हणून घेतो असं त्याला कुणीतरी सांगितलं. जेटीजवळ जाळी टाकायला बंदी आलीच होती. त्यानं होडी विकली. विकण्याआधी मला विचारलं, "साहेब, पानी राही ना?" मी म्हणालो, राही.

तो पुढे सुरतेला गेला, कापडाच्या मिलमध्ये. नंतर भेट नाही.

तू विचारशील, मग सही का केली. दोन पोरं शाळेत होती, तुझ्या काकूचं ऑपरेशन झालेलं, बदलीची यादी टेबलावर दिसत होती. तुला यातलं काही नाही. तुझं लग्न नाही, कर्ज नाही, वडिलांची सोळा एकर केळी आहे. तुला नाही म्हणणं परवडतं, मला परवडत नव्हतं. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय. आता लिहिताना वाचलं तर तेवढं पटत नाही. पण तेव्हाच्या माणसाला तेव्हाच्या जागी उभं करून बघ, एवढंच म्हणतो. मी नसती केली तर शेजारच्या टेबलानं केली असती. केलीच असती.

तर साहेबांशी भांडू नकोस. राजीनामा वगैरे नाटकं नकोत, तुझ्या पिढीला राजीनाम्याची फार घाई असते. तक्ता बारा महिन्यांचा कर. पातळी वेगळी, खोली वेगळी, जेटीपासून काठाचं अंतर वेगळं. गेल्या दहा वर्षांचं घे, त्यातलं सगळ्यात कोरडं वर्ष पहिल्या पानावर घाल, राईनच्या फोटोच्या जागी. गावांच्या नावा कुठून कुठे जातात ते नकाशावर काढ, त्यासाठी काठावर आठ दिवस राहावं लागेल. मग म्हणावं, यावर पाच बोटी बसवून दाखवा, मी सही करते. ते तक्ता कापायला सांगतील. तेव्हा मला फोन कर, मेसेज नको.

आणि मे महिन्यात ये. धडगावला दोघं जाऊ, तोरणमाळच्या बाजूनं नको, तो घाट आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. पन्नास मीटरचा टेप आण, माझा तुटलाय. टोपी, पाणी, चामड्याच्या चपला. उतार पायांनी मोजायचा आहे, ड्रोननं नाही. येताना आईला सांग, भरीत करून दे म्हणावं, वांगी हिरवीच घ्यायला सांग.

पाकिटात एक झेरॉक्स ठेवली आहे, त्या आठ बोटींच्या अहवालाचं चौदावं पान. खालची सही तू ओळखशील. तुझ्या दहावीच्या वहीवर मीच अभिनंदन लिहून तशीच केली होती. पान परत आण, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

तुझा,
आबा