जॉइंटरवर रंधलेल्या फळीच्या शेवटी खड्डा पडतो आणि दोन कडा जुळवल्या की मधोमध फट राहते. मशीन नीट कसं लावायचं?

जॉइंटर, म्हणजे फळीची बाजू आणि कड सपाट करणारं मशीन, याबद्दल तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: फळीच्या मागच्या टोकाला खड्डा पडतो, दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना लावल्या की मधे उजेड दिसतो, आणि कितीही वेळा उलटसुलट रंधली तरी फळीची जाडी दोन्ही टोकांना सारखी येत नाही. पहिल्या दोघींचं कारण बहुधा एकच आहे: आउटफीड टेबल, म्हणजे कापलेली फळी जिथे येते ते पात्यांपलीकडचं टेबल, पात्यांपेक्षा खाली आहे. तिसरीत मशीनचा काही दोष नाही, ते काम जॉइंटरचं नाहीच. त्याबद्दल पुढे लिहितो.

फळी इनफीड टेबलावरून, म्हणजे पात्यांच्या अलीकडच्या टेबलावरून, पात्यांवर जाते आणि तिची कापलेली बाजू आउटफीड टेबलावर येऊन टेकते. इनफीड टेबल जेवढं खाली, तेवढी कापाची खोली. आउटफीड टेबल मात्र पातं फिरताना ज्या सर्वांत उंच बिंदूला पोचतं, बरोब्बर त्याच उंचीवर हवं. ते खाली असेल तर कापलेल्या बाजूला आधार मिळत नाही. मागचं टोक इनफीडवर आहे तोवर फळी तोल सांभाळते. ते टोक इनफीडच्या ओठावरून, म्हणजे पात्यांकडच्या कडेवरून, सुटलं की फळी तेवढ्या फरकाने खाली बसते आणि पातं शेवटच्या भागात जास्त खोल जातं. खड्ड्याची लांबी मोजून बघा. ती साधारण इनफीडच्या ओठापासून पात्यापर्यंतच्या अंतराएवढी असेल, तर शंकेला जागा नाही. आउटफीड टेबल वर असेल तर उलट घडतं. फळीचं पुढचं टोक त्याच्या ओठाला अडतं, किंवा जोर लावून वर चढवलं तर काप पुढे जाता जाता उथळ होत जातो आणि कड मधे फुगीर निघते.

ही उंची तपासायला भारी उपकरण लागत नाही. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कठीण लाकडाची एक सरळ, गुळगुळीत रंधलेली, तीसेक सेंटिमीटर लांबीची पट्टी आउटफीड टेबलावर अशी ठेवा की तिचं टोक कटरहेडवरून (पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलावरून) पुढे इनफीडच्या बाजूला येईल. आउटफीडच्या ओठाच्या रेषेत पट्टीवर पेन्सिलने खूण करा आणि कटरहेड कामाच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवा. पात्याने पट्टीला अलगद पकडून इनफीडकडे थोडं सरकवलं पाहिजे. आता पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ते २ ते ३ मि.मी. असेल तर उंची कामापुरती अचूक आहे. ६० मि.मी. व्यासाच्या कटरहेडवर पट्टी ३ मि.मी. सरकते, तेव्हा पातं टेबलापेक्षा मिलिमीटरच्या चार शतांश भागाएवढंच वर असतं. १० मि.मी. सरकली तर तो फरक ०.४ मि.मी.च्या घरात जातो. तुमच्या खड्ड्याला एवढा फरक पुरेसा आहे. पट्टी हललीच नाही, तर आउटफीड वर आहे.

हीच चाचणी प्रत्येक पात्यावर दोनदा करायची, एकदा फेन्सजवळ (फळी टेकवायच्या उभ्या आधाराजवळ) आणि एकदा समोरच्या कडेजवळ. सगळीकडे पट्टी सारखी सरकली आणि फक्त आकडा चुकीचा निघाला, तर टेबल वर-खाली करून लॉक करा आणि पुन्हा तपासा. लॉक घट्ट करताना टेबल किंचित हलतं, म्हणून मोजमाप नेहमी लॉक केल्यावरचं धरायचं. लहान बेंचटॉप मशीनवर बऱ्याचदा आउटफीड टेबल पक्कं बसवलेलं असतं. तिथे टेबल हलवता येत नाही, पातीच त्या उंचीला आणावी लागतात.

एखादं पातं जास्त सरकवतंय, किंवा एकाच पात्याची दोन टोकं वेगळी वागताहेत, असं दिसलं तर पाती नव्याने बसवावी लागतील. एका वेळी एकच पातं सोडवा. खाचेतला डिंक आणि भुसा पूर्ण काढा, कारण तिथे अडकलेला एक कण पातं तिरपं बसवायला पुरतो. खालच्या स्प्रिंगने किंवा स्क्रूने उंची जुळवा आणि गिबपट्टीचे (पातं खाचेत दाबून धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. एका टोकाकडून सुरुवात करून पूर्ण आवळत गेलात तर दुसरं टोक वर उचललं जातं. शेवटी सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, ही पायरी गाळायची नाही. सैल पातं सुटून उडालं तर ते कुठे लागेल याचा नेम नाही.

पाती सारख्या उंचीवर असण्याचा सफाईशी थेट संबंध आहे. तीन पात्यांचं कटरहेड मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि तुम्ही फळी मिनिटाला ५ मीटर वेगाने सरकवत असाल, तर दर मिलिमीटरला तीन काप पडतात. यातलं एकच पातं थोडं जास्त वर असेल तर शेवटची सफाई ते एकटंच करतं आणि प्रत्येक मिलिमीटरला एकच लाट उरते. अशा लाटा बोटाला कळतात आणि पॉलिश लावल्यावर डोळ्यालाही दिसतात. मशीन चांगलं असूनही पृष्ठभाग खरबरीत येतो, तिथे मी सर्वांत आधी हेच बघतो. पात्याला बारीक खाच पडून फळीवर उंच रेघ उमटत असेल, तर एक पातं आडवं मिलिमीटरभर सरकवा. त्याची शाबूत धार दुसऱ्याच्या खाचेची जागा भरून काढते.

उंची अचूक आहे आणि तरीही कडांमध्ये मधोमध फट राहते, असं झालं तर दोन्ही टेबलं एका पातळीत आहेत का ते बघा. इनफीड वर घेऊन आउटफीडच्या उंचीला आणा आणि दोन्हींवर मिळून लांब सरळपट्टी ठेवा. तिच्याखाली ०.१ मि.मी.ची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही शिरता कामा नये. आधी सरळपट्टीचीच परीक्षा घ्या: तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी त्या रेघेवर उलटी करून पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर पट्टी खरी. टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली असतील तर कड खोलगट निघते, वर उचललेली असतील तर फुगीर. टोकं झुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टेबल ज्यांवर वर-खाली सरकतं त्या खाचांमधले गिब स्क्रू सैल होणं. आधी तेच आवळून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर खाचांमध्ये पातळ पितळी शिम, म्हणजे पत्र्याचे तुकडे, घालावे लागतात. त्या कामाला संयम लागतो, कारण शिम अगदी पातळ असला तरी टेबलाचं दूरचं टोक त्याच्या कितीतरी पट हलतं.

फेन्स सर्वांत शेवटी. गुण्या कटरहेडजवळ, आउटफीड टेबलावर ठेवून ९० अंश बघा. फेन्सवरच्या खुणेच्या आकड्यावर विसंबू नका. दोन फळ्या कडेला कड जोडायच्या असतील तर एकीची दर्शनी बाजू फेन्सकडे आणि दुसरीची फेन्सपासून उलट ठेवून कडा मारा. फेन्समध्ये अर्ध्या अंशाची चूक असली तरी एक कड जेवढी तिरपी जाते तेवढीच दुसरी उलटी तिरपी जाते आणि जोड सपाट बसतो.

आता प्रत्यक्ष रंधण्याकडे येऊ. फळ्या आधी कामाच्या मापापेक्षा थोड्या जास्त लांबीच्या कापून घ्या. ३ मीटर फळीला सारखा १६ मि.मी. बाक असेल, तर ती मधोमध कापल्यावर प्रत्येक अर्ध्यात साधारण ४ मि.मी.च उरतो. अख्खी फळी सरळ करायला गेलात तर तेवढी जाडी ढलप्यांत जाईल. टेबलांच्या एकूण लांबीच्या दुपटीहून लांब फळी तशीही नीट सरळ होत नाही.

पहिल्यांदा रुंद बाजू, मग कड. रुंद बाजूवर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा ओढा. रेघा राहिल्या तिथे पातं पोचलेलं नाही. बाक असो वा पन्हळ (रुंदीत आलेला खोलगटपणा), खोलगट बाजू खाली ठेवा म्हणजे फळी दोन टोकांवर किंवा दोन कडांवर स्थिर बसते. फुगीर बाजू खाली गेली तर फळी डुगडुगते आणि प्रत्येक काप वेगळ्या पातळीत पडतो. पीळ असेल तर समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात, बाकीचे दोन वर राहतात. अशी फळी डुगडुगू न देता टेकलेल्या दोन कोपऱ्यांवर तोलून धरा, वर राहिलेले कोपरे दाबू नका. आधी टेकलेले दोन कोपरेच झिजू द्यायचे.

दाब देण्यात बहुतेकांचं चुकतं. बाक जोराने दाबून सपाट केला की फळी दबलेल्या अवस्थेत रंधली जाते आणि हात काढताच पुन्हा वाकते. सुरुवातीला इनफीडवर हलका दाब, फळी सरकण्यापुरता. कापलेला भाग वीस-तीस सेंटिमीटर आउटफीडवर आला की दाब तिकडे न्या आणि पुढे तिथेच ठेवा, कारण आता खरी सपाट बाजू तीच आहे. कड मारताना दुसऱ्या हाताचा जोर फेन्सकडे असू द्या.

काप किती घ्यायचा? खडबडीत फळीला १ मि.मी.पर्यंत, शेवटच्या फेरीला ०.३ ते ०.५ मि.मी. रुंद आणि कठीण लाकडाला सुरुवातीपासूनच अर्ध्या मिलिमीटरवर राहा. शेवटची फेरी सावकाश, पण मधे न थांबता. थांबलात तर तिथे आडवी खूण पडते, घर्षणाने लाकूड काळवंडतं. आवाजाकडे लक्ष ठेवा. एकसारखा घुमणारा आवाज मधेच फटफट वाजायला लागला की लाकडाच्या तंतूंच्या रेषा उलट्या आहेत किंवा काप जास्त आहे.

टवके उडतात ते बहुतेक वेळा या उलट्या रेषांमुळे. कटरहेड फळीच्या उलट दिशेने फिरतं, म्हणजे पातं फळीच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे कापत जातं. फळीच्या बाजूवर रेषा बघा. पुढच्या टोकाकडून मागे येताना त्या खाली, टेबलाकडे उतरत असाव्यात. वर चढत असतील तर पातं तंतूंच्या खाली घुसून त्यांना उपसतं. अशा वेळी फळीची टोकं बदला. मधेच दिशा बदलणाऱ्या लाकडाला धारदार पाती, अगदी पातळ काप आणि कमी वेग एवढेच उपाय आहेत. उरलेले टवके हातरंध्याने किंवा स्क्रेपरने काढावेत.

एक रुंद बाजू सपाट आणि एक कड तिच्याशी काटकोनात आली की जॉइंटरचं काम संपलं. दुसरी रुंद बाजू जॉइंटरवर मारलीत तर ती सपाट होईल, पण पहिलीशी समांतर होईलच असं नाही. मशीनला पहिल्या बाजूचा पत्ताच नसतो. म्हणून तुमची फळी एका टोकाला पातळ होत गेली. समांतर बाजू थिकनेस प्लॅनरवर (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनवर) काढा, सपाट बाजू खाली ठेवून. दुसरी कड टेबल सॉवर चिरा, सरळ कड फेन्सला लावून. प्लॅनरवर दोन्ही बाजूंनी साधारण सारखंच लाकूड काढा. एकाच बाजूचं जास्त निघालं तर आतली ओल दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या प्रमाणात सुटते आणि रात्रीतून फळी पुन्हा वळते. रंधलेल्या फळ्या थेट बाकावर एकावर एक रचू नका, मधे पट्ट्या घाला.

सुरक्षिततेचे नियम थोडेच आहेत, पण त्यांना अपवाद नाही. ३०० मि.मी.पेक्षा आखूड तुकडा जॉइंटरवर घ्यायचा नाही. तो दोन टेबलांच्या मधल्या फटीत कलतो आणि हात त्याच्यामागे जातो. १२ मि.मी.पेक्षा पातळ फळीची रुंद बाजू मारायची नाही. रुंद बाजू मारताना दोन्ही हातांत पुश ब्लॉक (फळी ढकलायचे ठोकळे) हवेत, आणि त्यातल्या एकाला मागे खाच हवी, म्हणजे तो फळीच्या टोकाला अडकून तिला पूर्ण पलीकडे नेतो. गार्ड काढून ठेवू नका. हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. खिळा, सैल गाठ किंवा वाळू असलेली फळी आधी साफ करा. फळीच्या आखूड टोकाची कापलेली बाजू जॉइंटरवर मारू नका, मागचा कोपरा फुटून उडतो. फळीच्या सरळ रेषेत मागे उभं न राहता बाजूला उभं राहा, ती मागे फेकली गेली तर वाट मोकळी राहते.

टेबलांना महिन्यातून एकदा सिलिकॉन नसलेलं मेण चोळून पुसून घ्या. सिलिकॉनचा अंश लाकडाला लागला तर पॉलिशमध्ये डाग पडतात. मेण लावलेल्या टेबलावर फळी कमी जोर लावून सरकते, आणि जोर कमी लागला की हाताचा दाबही आपोआप हलका राहतो. आउटफीडची उंची नीट लावून झाली की आधी दोन टाकाऊ फळ्यांच्या कडा मारा, एकीवर एक उभ्या ठेवून मागे दिवा धरा. मधली फट गेलेली असेल तर चांगल्या लाकडाला हात घाला.