आधी काडतुसं, मग ट्रिगर, नळी सगळ्यात शेवटी

प्रश्न : माझ्याकडे रुगर १०/२२ ही स्वस्तातली .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. रेंजवर ५० मीटरवरून कागदी निशाणांवर हौसेखातर नेम धरतो. टेकू देऊन मारलेल्या पाच गोळ्यासुद्धा सात-आठ सेंटिमीटरमध्ये पसरतात. जड नळी, नवा ट्रिगर आणि नवा दस्ता एकदमच बसवावा असं वाटतं. सुरुवात कशी करू?

उत्तर : एकदम बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती. तीन भाग एका दिवशी बदललेत, तर ग्रुप (म्हणजे निशाणावरच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) कशामुळे आवळला हे कळणार नाही, आणि बिघडला तर दोष कुठे शोधायचा तेही उमगणार नाही. ही रायफल १९६४ साली आली. नळी दोन स्क्रूंवर, ट्रिगरचा संच दोन पिनांवर, दस्ता मुख्यतः एका स्क्रूवर, अशी तिची सुटसुटीत रचना. म्हणून तिचे सुटे भाग बाजारात उदंड आणि मोहही उदंड.

पहिला खर्च काडतुसांवर करा. ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या म्हणजे साध्या वेगाच्या चार-पाच जाती आणा. नळीतून सुटताना त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली असतो. हाय व्हेलॉसिटीची गोळी आवाजाच्या पुढे निघते आणि वाटेत त्याच्या मागे येते. त्या टप्प्यावर ती डळमळते. जात बदलली की पहिल्या दहाएक गोळ्या हिशेबात धरू नका. आधीच्या काडतुसाचं मेण नळीत असतं, ते बदलायला तेवढ्या गोळ्या लागतात. एखाद्या जातीने बोल्ट (गोळी सुटल्यावर मागे जाऊन नवं काडतूस आत घेणारा सरकता भाग) पुरता मागे जात नसेल, तर ग्रुप कितीही देखणा आला तरी ती जात तुमच्या रायफलीची नाही.

मग दस्त्याचा स्क्रू बघा. तो प्रत्येक वेळी सारख्याच जोराने आवळलेला हवा. स्कोप लावला असेल, तर मूळ दस्ता गालाला खाली पडतो आणि मान अधांतरी राहते. नवा दस्ता कशाला? फोमची पट्टी चिकटवून उंची वाढवा. स्कोप मात्र रिमफायरसाठीचा, म्हणजे .२२ सारख्या काडतुसांसाठीचा घ्या. त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला की निशाणावरची खूण सरकल्यासारखी दिसणं) ५० यार्डांच्या आसपास जुळवलेला असतो.

यानंतर ट्रिगर, आणि इथे मी हात आखडता घ्यायला सांगणार नाही. साध्या कार्बाइनचं, म्हणजे या रायफलीच्या नेहमीच्या आखूड प्रकाराचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आणि कारखान्यातला ट्रिगर ओढायला बहुतेकदा त्याहून जास्त जोर लागतो! नेम अचूक असला तरी बोट रायफलीला ओढून नेतं. सव्वा किलोच्या आसपास सुटणारा तयार संच बसवा. घरी कानस घेऊन सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर म्हणजे आतला घोडा अडवून धरणारा भाग) घासायला बसू नका. सेमी-ऑटोमध्ये सिअरची पकड कमी झाली, तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. संच बसवल्यावर मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. ट्रिगर दाबून धरा, बोल्ट मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळूच सोडा : टिक्‌ असा आवाज यावा आणि हॅमर चढलेलाच राहावा. दस्त्याच्या टाचेवर रबरी हातोडीने ठोकूनही हॅमर पडता कामा नये. रेंजवरही पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरा. आणि बदलापूर्वी तुमच्याकडचे शस्त्रपरवान्याचे नियम वाचा.

नळीची घाई नको. जाड मॅच नळी, म्हणजे स्पर्धेसाठीची अचूक नळी, मूळ दस्त्याच्या खोबणीत मावत नाही, म्हणजे दस्ता कोरणं किंवा बदलणं ओघाने आलंच. घट्ट चेंबरमध्ये काही काडतुसं अडकतातही. आहे त्या नळीचं तोंड आधी भिंगाखाली बघा. या रायफलीत सफाईची सळई सहसा तोंडाकडूनच घालावी लागते. ती घासून तिथली कड झिजली असेल, तर चांगला कारागीर ती नव्याने कापून देतो. सळईऐवजी मागून पुढे ओढायची दोरी वापरलीत तर कड टिकते.

प्रत्येक बदलानंतर त्याच काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारा आणि ते कागद तारीख घालून ठेवा. नळी घ्यायची की नाही, ते त्या कागदांवरून ठरवा.