स्प्रिंगची एअर रायफल आणि पीसीपी: कुणाचा वेग जास्त एकसारखा, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे एक जुनी स्प्रिंगची रायफल आहे आणि एक नवी पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी. एकाच डब्यातले, वजन करून निवडलेले 4.5 मिमीचे छर्रे दोन्ही रायफलींतून पाच-पाच वेळा क्रोनोग्राफवरून, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून, मारले. सरासरी दोन्हींची सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. पण सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद शॉटमधलं अंतर जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत 4 मीटर आलं, नव्या पीसीपीत 6 मीटर. मग पीसीपी खराब आहे का?

एवढ्या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. पाच-पाच शॉटच्या तुलनेत एकीचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दुसरीच्या साधारण तिप्पट निघालं, तरच फरक खरा धरायचा. दहा-दहा शॉट असतील तर दुप्पट, तीस-तीस असतील तर दीडपट पुरतं. तुमचा फरक दीडपटच आहे, म्हणजे तीस-तीस शॉट मारल्याशिवाय निकाल देऊ नका. कमाल-किमान अंतरावर तर विसंबूच नका, कारण शॉट वाढले की ते आपोआप वाढतं: पाच शॉटना प्रमाण विचलनाच्या सुमारे 2.3 पट, दहाला 3.1 पट, तीसला 4.1 पट. वहीत प्रत्येक आकडा क्रमाने लिहा आणि प्रमाण विचलन काढा.

क्रम महत्त्वाचा का, ते सांगतो. पीसीपीचे आकडे 174, 170, 169, 168, 168 असे आले असतील तर तो विस्कळीतपणा नव्हे. रायफल बराच वेळ पडून राहिली की गळक्या रेग्युलेटरमधून (सिलेंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणाऱ्या झडपेतून) पुढच्या कप्प्यात दाब हळूहळू चढतो आणि पहिला शॉट जोरात जातो. दुरुस्ती रेग्युलेटरच्या सीटची, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते त्या जागेची, छर्ऱ्यांचा काही दोष नाही. रेग्युलेटरच नसेल तर सिलेंडर रिकामा होताना वेग आधी थोडा चढतो, मग उतरतो. मधल्या सपाट पट्ट्यातलेच शॉट मोजायचे. स्प्रिंगच्या रायफलीत अधूनमधून एखादाच शॉट दहा-पंधरा मीटरने उसळला आणि नळीतून धूर दिसला, तर पिस्टनपुढे तेल जास्त झालंय. आकडे कुठलाही कल न दाखवता वर-खाली होत असतील, तेव्हाच छर्ऱ्यांकडे वळा.

सोलापूरचा उन्हाळा इथे फार घोळ घालतो. सकाळी 25 अंशांना 200 बार भरलेला सिलेंडर पत्र्याच्या शेडमध्ये 42 अंशांवर गेला की आतला दाब 211 च्या घरात जातो. म्हणून सकाळी एक रायफल आणि दुपारी दुसरी, अशी तुलना निरुपयोगी. भरल्यावर सिलेंडर तापलेला असतो, तो निवेपर्यंत थांबा. मग स्प्रिंगचे पाच, पीसीपीचे पाच, पुन्हा स्प्रिंगचे पाच, अशा सहा फेऱ्या एकाच बैठकीत करा. सुरुवातीचे तीन-चार शॉट मोजणीत धरू नका.

क्रोनोग्राफही फसवतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि उजेडावर चालणारे सेन्सर त्याने गोंधळतात. सावलीतला दिवसाचा उजेड किंवा बॅटरीवरचा दिवा बरा. नळीच्या तोंडापासून यंत्र मीटरभर लांब ठेवा, नाहीतर पीसीपीची हवाच सेन्सरला चाळवते. छर्रा दोन्ही सेन्सरवरून सरळ रेषेत गेला पाहिजे.

वजनाबद्दल: सराफाकडे असतो तसा काटा हवा, पण मिलिग्रॅम दाखवणारा, आणि मोजताना पंखा बंद. नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. छर्रा 0.53 ग्रॅमचा असेल तर 5 मिलिग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे एक टक्का, आणि त्यातून वेगात पडतो अर्धा टक्का, म्हणजे 0.8 मीटर. तुमचे 6 मीटर नुसत्या वजनातून येणं शक्य नाही. माझ्या मते वजनापेक्षा छर्ऱ्याची मागची पोकळ कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती जास्त बघावी. छर्रा उजेडाकडे धरून फिरवा. कड अंडाकार किंवा दबलेली दिसली की बाजूला काढा. नळीत बसवताना प्रत्येक छर्रा सारखाच खोल दाबा, विशेषतः नळी खाली वाकवून उघडायच्या रायफलीत.

परदेशातले लोक शिकारीच्या रायफलींसाठी घरी काडतुसं भरून अशीच तुलना करतात. शॉटचं गणित तेच लागू पडतं, पण आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायदा 1959 प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे तो नाद नको.

आणि 6 मीटरची धास्ती किती घ्यायची? 10 मीटरवर पोचेपर्यंत छर्रा साधारण 18 मिमी खाली येतो. 170 वर 6 मीटर म्हणजे साडेतीन टक्के, त्याने छर्रा वर-खाली सरकतो सव्वा मिमी. एअर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिमी असतं. तुमचे छर्रे कागदावर याहून जास्त पसरत असतील, किंवा आडवे पसरत असतील, तर क्रोनोग्राफ बाजूला ठेवा आणि स्कोपचे स्क्रू, नळीचा सांधा आणि ट्रिगरवरचं बोट तपासा.