आर्तिमिनोच्या व्हिलाचे जुने कागद: परवानगीची वाट बघू नका

तुम्ही फ्लॉरेन्सला शिकताय, जवळच्या आर्तिमिनो गावातल्या मेदिची राजघराण्याच्या व्हिलावर (जुन्या वाड्यावर) आणि तिथल्या द्राक्षमळ्यांवर प्रबंध लिहिताय, आणि एका कार्यालयाने "आधी मालकांची लेखी परवानगी आणा" म्हणून अडवून धरलंय, हे वाचून राहवलं नाही. मीही तिथेच अडकलो होतो. नाव घेत नाही, पण त्यांच्या दारात माझा अख्खा उन्हाळा गेला. दर वेळी नवा माणूस, नवा अर्ज, आणि शेवटी हातात पडलं पर्यटकांसाठीचं रंगीत माहितीपत्रक! संताप याचा की मला हवे असलेले नकाशे त्यांच्याकडे नव्हतेच, आणि हे एकानेही तोंडाने सांगितलं नाही.

परवानगी लागते ती खासगी दप्तराला. फ्लॉरेन्स ज्यात येतं त्या तोस्काना प्रांताची एकोणिसाव्या शतकातली जमीन-मोजणी सरकारी आहे, तिचे नकाशे 'कास्तोरे' या प्रकल्पात इंटरनेटवर बघता येतात. आपल्या सात-बारासारखं समजा: नकाशावरचा गट क्रमांक घ्या आणि सरकारी अभिलेखागारातल्या नोंदवहीत मालक शोधा.

माझं मत विचाराल तर व्हिला बांधून घेणारा तोस्कानाचा राजा फेर्दिनांदो पहिला, वास्तुकार बुओन्तालेन्ती, १५९६ चं बांधकाम, छपरावरची धुराडी, यांना दोन पानं पुष्कळ झाली. १७८२ मध्ये व्हिला बार्तोलोम्मेई घराण्याला विकली गेली, तेही सगळे लिहितात. मळा कसणारी कुटुंबं मात्र कुठेच येत नाहीत. ती अर्धेलीने कसायची. असे नवे करार थेट १९६४ च्या कायद्याने बंद झाले. वाइनचा खरा इतिहास त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. त्या मिळाल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

मेदिची राजा कोसिमो तिसऱ्याच्या १७१६ च्या फर्मानात कार्मिन्यानोची, म्हणजे आर्तिमिनो ज्यात येतं त्या वाइन-प्रदेशाची, हद्द आहे, पण तिथून थेट आजवर रेघ ओढू नका. १९३२ मध्ये हा भाग किआन्ती या दुसऱ्या वाइनच्या हद्दीत घातला गेला, कार्मिन्यानो वाइनला स्वतंत्र मान्यता १९७५ ची.

तारखाही जपून वाचा. १७५० पूर्वी फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे कागदावरचा फेब्रुवारी १५९५ हा आपला १५९६.

मी कायद्याचा जाणकार नाही, नियम बदलले असतील, तेव्हा जाण्याआधी अभिलेखागाराला ईमेल टाका. अभ्यासासाठी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायला २०१७ पासून शुल्क नाही. कोणी मागितलं तर शांतपणे त्या वर्षीच्या कायद्याचा हवाला द्या.